फेरीबोटीतला लेझर आणि चवथीपासूनचा अबोला

पत्र: मॅडम, मी डिचोली तालुक्यातला. आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झालो, आता वय ५४. मये, चोडण आणि तिथून फेरीबोटीने रायबंदर, हा माझा कामाचा रोजचा रस्ता. बोटीत उभ्या उभ्या एक विचार डोक्यात आला, तो जात नाही. समजा बोटीच्या बंद केबिनमध्ये लेझर जमिनीवर ठेवून सरळ वर मारला. चेंडू वर टाकला तर तो बोटीचा वेग घेऊनच उडतो, म्हणून हातात परत येतो. पण प्रकाशाचा वेग दिव्याच्या वेगावर अवलंबून नसतो, असं पुस्तकातच लिहिलंय. म्हणजे प्रकाश बोटीचा वेग घेत नाही. मग तो वर पोचेपर्यंत छत पुढे सरकलेलं असणार आणि ठिपका मागे पडणार. तो किती मागे पडला हे मोजलं, की किनाऱ्याकडे न बघता बोटीचा खरा वेग कळेल, आणि तसाच पृथ्वीचाही. माझी मुलगी एम.एस्सी. फिजिक्स करते. तिला सांगितलं तर म्हणाली, "बाबा, हे सगळं शंभर वर्षांपूर्वी संपलंय, लोक हसतील." गणेश चवथीपासून आम्ही धड बोललेलो नाही. तीन प्राध्यापकांना पत्रं घातली, एकाचंही उत्तर नाही. आता दीड लाखाची एफडी मोडून चांगला लेझर आणि कॅमेरा घ्यावा म्हणतो. बायकोचा विरोध आहे. काय करू?

उत्तर: भाऊ, एफडी मोडू नका. तुमचा प्रयोग जवळजवळ फुकटात होतो, तो कसा करायचा ते शेवटी सांगते. आधी तुमच्या प्रश्नाबद्दल बोलू, कारण पत्र वाचून मला आनंद झाला.

मी तीस वर्षं हायर सेकंडरीत फिजिक्स शिकवलं. पुस्तकातली दोन वाक्यं एकमेकांना छेद देतात, हे स्वतःहून ओळखणारी मुलं मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली. तुम्ही ते ओळखलंत. बंद केबिनमध्ये बसून बोट चालली आहे की थांबली आहे ते कळत नाही, हे एक वाक्य. प्रकाशाचा वेग दिव्याच्या वेगावर अवलंबून नाही, हे दुसरं. १९०५ साली आइन्स्टाइनने नेमकी हीच दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली, आणि ती वरवर पाहता एकमेकांशी जुळत नाहीत हे त्यानेही लिहून ठेवलंय. म्हणजे तुम्ही ज्या जागी अडलात ती जागा खरीच अवघड आहे.

पण तुमच्या युक्तिवादात एक पायरी निसटली आहे, आणि ती निसटण्यात आम्हा शिक्षकांचाही वाटा आहे. नववीच्या वर्गात आपण दोन शब्द शिकवतो, चाल आणि वेग. चाल म्हणजे नुसतं किती जोरात. वेग म्हणजे किती जोरात आणि कुठल्या दिशेने. पुढे बोलताना आपण दोन्हीला वेगच म्हणतो. प्रकाशाबद्दलचं जे वाक्य तुम्ही वाचलंत ते चालीबद्दल आहे. दिवा पळत असो की थांबलेला असो, प्रकाशाची चाल सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. दिशेबद्दल त्या वाक्यात एक अक्षरही नाही. आणि दिशा दिव्याच्या गतीवर नक्की अवलंबून असते.

हे पटायला लेझर बाजूला ठेवा, साधा बल्ब घ्या. तुम्ही वायरिंगला वापरता तसला पाइप उभा करा, दोन्ही टोकांना झाकणं लावा आणि प्रत्येक झाकणाला मधोमध बारीक भोक पाडा. खाली बल्ब. पाइप बोटीत आहे, बोट पुढे चालली आहे, आणि तुम्ही रायबंदरच्या धक्क्यावर उभे राहून बघताय. बल्बमधून किरण सगळ्या दिशांना निघतात. त्यातला जो किरण धक्क्यावरून बघताना अगदी उभा निघाला, तो खालच्या भोकातून आत शिरला, पण वर पोचेपर्यंत वरचं भोक पुढे गेलेलं. तो झाकणाच्या पत्र्यावर आपटून संपला. इथवर तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण त्याच क्षणी दुसरा एक किरण जरासा पुढे झुकून निघालेला होता. तो वर पोचतो तेव्हा वरचं भोक नेमकं त्याच्या वाटेत आलेलं असतं, आणि तो बाहेर पडतो. धक्क्यावरून तो तिरका दिसतो. बोटीतला माणूस मात्र म्हणणार, खालच्या भोकातून वरच्या भोकात गेला म्हणजे सरळच गेला की. किरणाची निवड पाइपने केली, आणि पाइप बोटीबरोबर चाललेला होता.

लेझरच्या नळीत हीच निवड फार कडक होते. आत समोरासमोर दोन आरसे असतात आणि प्रकाश त्यांच्यामध्ये असंख्य वेळा येरझाऱ्या घालतो. बोटीबरोबर पुढे न सरकणारा प्रकाश फेऱ्या घालता घालता आरशांवरून निसटत जातो. टिकतो तो फक्त आरशांबरोबर पुढे पुढे जाणारा, म्हणजे धक्क्यावरून बघितलं तर आधीच झुकलेला. तुमच्या लेझरमधून बाहेर येणारा किरण बोटीची चाल घेत नाही, पण बोटीमुळे आलेला झुकाव घेऊनच येतो. म्हणून ठिपका मागे पडत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई तोंडाने सांगतात, पुरावा काय? म्हणून आकडे बघू.

फेरीबोट सेकंदाला तीन मीटर गेली आणि केबिन तीन मीटर उंच असली, तर प्रकाश वर पोचायला एका सेकंदाचा दहा कोटीवा भाग लागतो. तेवढ्यात बोट सरकणार केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी. दीड लाखाच्या कॅमेऱ्याला ते दिसायचं नाही, त्यातून इंजिनाची थरथर वेगळीच. पण पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर धावते. तुमचं म्हणणं खरं असेल तर १० मीटर लांबच्या भिंतीवर लेझरचा ठिपका १ मिलिमीटर मागे पडायला हवा. आणि सूर्य आपल्या सगळ्यांना घेऊन, विश्वात सगळीकडे भरून राहिलेल्या मंद सूक्ष्मलहरींच्या (मायक्रोवेव्हच्या) तुलनेत सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर चालला आहे. (ही गती कशी कळली ते पुढे येतं.) ती धरली तर १० मीटरला १२ मिलिमीटर. शिवाय पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे १२ तासांत ठिपका वरून खाली, किंवा खालून वर, दोन सेंटिमीटरहून जास्त सरकायला हवा. हे उघड्या डोळ्यांना दिसेल.

गेल्या वर्षी आमच्या स्वयंपाकघराच्या टाइल्स बदलल्या. टाइल्स बसवणाऱ्या मुलाने सकाळी नऊच्या सुमारास लेझर लेव्हल कोपऱ्यात ठेवली, समोरच्या भिंतीवर हिरवी रेघ पडली, तिच्यावर त्याने पेन्सिलीने खूण केली. जेवून आला, पुन्हा लावली, रेघ खुणेवर. संध्याकाळी पाचला सामान आवरायच्या आधी पुन्हा तपासली, रेघ खुणेवरच. भिंत चार मीटरवर होती. प्रकाश मागे पडत असता तर तिथे रेघ पाच मिलिमीटरपर्यंत चुकली असती, ती चूक दिवसभर बदलत राहिली असती, आणि ओट्यावरच्या टाइल्सचा सांधा कधीच जुळला नसता. गोव्यात रोज शेकडो घरांत ही रेघ पडते. तुमचा प्रयोग गवंडी आणि टाइल्सवाले दररोज करताहेत, भाऊ, आणि त्याचं उत्तर 'नाही' असं येतंय.

पण तुमच्यासारखा माणूस इथे थांबणार नाही, आणि थांबूही नये. तुम्ही विचाराल, किरण तिरका गेला म्हणजे त्याला जास्त अंतर कापावं लागलं. चाल तीच असेल तर वेळ जास्त लागणार. मग ठिपका न मोजता वेळ मोजला तर? हा प्रश्न पहिल्यापेक्षा खूप भारी आहे, आणि त्याच्यावर माणसांनी आयुष्यं खर्ची घातली आहेत.

आपली मांडवीच घ्या. होडी संथ पाण्यात मिनिटाला ५० मीटर जाते, आणि ओहोटीचा ओढा मिनिटाला ३० मीटर आहे असं धरा. एक होडी नदी आडवी ओलांडून ४०० मीटरवरच्या समोरच्या धक्क्यावर जाते आणि परत येते. दुसरी किनाऱ्याकिनाऱ्याने ४०० मीटर खाली जाते आणि परत येते. आडव्या होडीला नाक थोडं वर धरावं लागतं, त्यात तिची चाल मिनिटाला ४० मीटर उरते. ८०० मीटरला २० मिनिटं. दुसरी जाताना ८०ने जाते, ५ मिनिटं; येताना २०ने, तिला २० मिनिटं. एकूण २५. अंतर तेवढंच, होड्या सारख्याच, फरक ५ मिनिटांचा. पाण्याकडे न बघता नुसत्या घड्याळावरून ओढा किती ते काढता येईल.

एकोणिसाव्या शतकात अशी समजूत होती की अवकाशात ईथर नावाचं काहीतरी भरलेलं आहे, प्रकाश म्हणजे त्यातल्या लाटा, आणि पृथ्वी त्यातून जाते म्हणजे आपल्याला त्याचा ओढा लागणारच. अमेरिकेत क्लीव्हलंडला मायकेल्सन आणि मोर्ली यांनी जुलै १८८७ मध्ये प्रकाशाच्या दोन 'होड्या' एकमेकींना काटकोनात सोडल्या. दीड मीटर लांबी-रुंदीची दगडी लादी पाऱ्यावर तरंगत ठेवली, म्हणजे ती अलगद फिरवता येईल आणि रस्त्यावरच्या गाड्यांचे हादरे लागणार नाहीत. आरशांनी प्रकाश पुन्हा पुन्हा परतवून त्याचा मार्ग सुमारे ११ मीटरचा केला. दोन किरण परत येऊन एकमेकांत मिसळले की उजेड-अंधाराच्या पट्ट्या दिसतात; लादी फिरवली की त्या एका पट्टीच्या ०.४ एवढ्या सरकतील असा हिशेब होता. ज्या काही सरकल्या त्या अपेक्षेच्या विसाव्या भागाहून नक्कीच कमी, बहुधा चाळिसाव्या भागाहूनही कमी, असं त्यांनीच लिहिलं. दोघांनाही ईथर सापडायला हवा होता. सापडला नाही, तरी आकडा जसा आला तसा छापला.

त्याचा अर्थ लावायला पुढची अठरा वर्षं लागली. १८८९ मध्ये फिट्झजेराल्ड आणि त्यानंतर लोरेंट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ म्हणाले की गतीच्या दिशेने वस्तूच तेवढी आखडत असेल. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने सांगितलं की तिरक्या वाटेने लागणारा तुमचा तो जास्तीचा वेळ खराच आहे, पण धक्क्यावरच्या घड्याळाने मोजला तर. बोटीतलं घड्याळ, बोटीतल्या माणसाची नाडी, बोटीत उकळणारा चहा, सगळंच धक्क्यावरून बघताना त्याच प्रमाणात सावकाश चालतं. त्यामुळे बोटीतल्या माणसाला फरक मोजायला जागाच उरत नाही. ही पळवाट नव्हे, कारण तिचा स्वतंत्र पुरावा आहे. वातावरणाच्या वरच्या थरात, सुमारे १५ किलोमीटरवर, म्युऑन नावाचे कण जन्मतात. ते सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतात. तेवढ्यात प्रकाशाच्या चालीनेही ते साधारण ६६० मीटरच येऊ शकतात. तरी ते जमिनीवर पोचतात. हे वाचता वाचता तुमच्या तळहातातून सेकंदाला एक-दोन गेले असतील. त्यांचं घड्याळ आपल्या दृष्टीने सावकाश चालतं, एवढंच त्याचं कारण.

तुमची मुलगी म्हणते हे शंभर वर्षांपूर्वी संपलं. तिथे माझा तिच्याशी मतभेद आहे. १८८७चा तोच प्रयोग २००९ साली जर्मनीत, आरशांच्या पोकळ्यांमध्ये लेझर कोंडून, पुन्हा झाला. दोन दिशांमधल्या प्रकाशाच्या चालीत फरक असलाच तर तो एकावर सतरा शून्यं इतक्या भागांतल्या जेमतेम एका भागाएवढा, इथवर ते पोचले. उत्तर ठाऊक असूनही लोक पुन्हा पुन्हा मोजतात, कारण उत्तर चुकलं तर ते कळायला हवं.

आणि एक गोष्ट तुमच्या बाजूची. प्रकाशाने एक गती खरोखर बंद खोलीतच कळते: गोल फिरण्याची. एका वर्तुळातून दोन किरण उलटसुलट दिशांना सोडा. वर्तुळ फिरत असेल तर एका किरणाला पुन्हा सुरुवातीच्या जागी यायला जास्त अंतर पडतं, दुसऱ्याला कमी. १९१३ मध्ये फ्रान्सच्या सान्याकने हे दाखवलं. १९२५ मध्ये मायकेल्सन आणि गेल यांनी इलिनॉयमध्ये हवा काढून टाकलेल्या पाइपांचा सुमारे ६१० मीटर लांब आणि ३४० मीटर रुंद चौकोन जमिनीवर मांडला आणि नुसत्या प्रकाशावरून पृथ्वीचं स्वतःभोवतीचं फिरणं मोजलं. आकाशाकडे बघितलं नाही. दाबोळीला आणि मोपाला उतरणाऱ्या कित्येक विमानांत आज याच तत्त्वावरचे लेझर जायरो, म्हणजे विमान किती वळलं ते मोजणारी यंत्रं, असतात. आपल्या गोव्यात असं वर्तुळ जमिनीवर आडवं ठेवलं तर ध्रुवावर दिसेल त्याच्या साधारण पाव परिणाम दिसेल, कारण आपण विषुववृत्तापासून फक्त साडेपंधरा अंशांवर आहोत. तेव्हा 'प्रकाशाने गती कळते' हे तुमचं अंतर्मन सांगत होतं, ते अगदीच पोकळ नव्हतं. सरळ रेषेत, एकसारख्या चालीने जाणारी गती तेवढी लपून राहते.

सेकंदाला ३७० किलोमीटरचं काय, हे राहिलं. विश्वाच्या बालपणातला प्रकाश आता फार थंड होऊन सूक्ष्मलहरींच्या रूपात सगळीकडून येतो. १९६५ मध्ये तो सापडल्याचं जाहीर झालं. सिंह राशीच्या दिशेने तो साधारण आठशेत एक भाग जास्त ऊबदार आहे आणि विरुद्ध दिशेने तेवढाच थंड. त्यावरून आपली गती काढतात. पण हे खिडकी उघडून बघणं झालं. पावसात बोटीच्या पुढच्या कठड्याशी उभे राहिलात की उभा पाऊसही तोंडावर येतो. तुम्ही पावसाच्या तुलनेत किती जोरात जाताय ते त्यातून कळतं. १७२८ मध्ये ब्रॅडली या खगोलशास्त्रज्ञाने ताऱ्यांचा प्रकाश असाच वर्षभर किंचित इकडेतिकडे झुकताना पकडला. पाऊस काय, तारा काय, दोन्ही केबिनच्या बाहेरचे. नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे पळताना दिसतात तसेच तारे पश्चिमेला जाताना दिसतात, असं आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये म्हटलं, तेही काठाकडे बघूनच.

आता तुमचा प्रयोग. ओळखीच्या टाइल्सवाल्याकडून लेझर लेव्हल तीन दिवसांसाठी मागून आणा. घरात सरळ १० मीटर मिळत असतील तर उत्तम. लेव्हल टेबलावर ठेवू नका, सिमेंटच्या पक्क्या जमिनीवर ठेवा. समोरच्या भिंतीला ग्राफ पेपर चिकटवा. लेव्हलला हात न लावता दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रेघेच्या मधोमध खूण करा आणि वेळेबरोबर तापमानही लिहा. तापमानाकडे दुर्लक्ष करू नका. डेटन मिलर नावाच्या निष्णात माणसाने १९२५-२६ मध्ये माउंट विल्सनवर हजारो मोजण्या करून ईथरचा थोडा ओढा सापडल्याचं सांगितलं. १९५५ मध्ये त्याच्या नोंदी पुन्हा तपासल्या तेव्हा ती मुख्यतः ऊन-सावलीने, तापमानातल्या फरकाने झालेली हालचाल निघाली. तुमच्याकडे पत्र्याचं छप्पर असेल तर दुपारी भिंतही हलते. अशा लेव्हलच्या खोक्यावर बहुधा मीटरला ०.३ मिलिमीटरची चूक धरलेली असते, म्हणजे १० मीटरला ३.

सगळ्यात महत्त्वाचं सुरुवातीला करायचं. पहिली खूण करण्याआधी एका कागदावर लिहा: माझं म्हणणं खरं असेल तर रेघ दिवसभरात दोन सेंटिमीटरहून जास्त हलेल, तीन मिलिमीटरच्या आत राहिली तर माझं म्हणणं चुकलं. त्याच्यावर तारीख घाला. तुमची, बायकोची आणि मुलीची सही घ्या. खुणा बघितल्यानंतर हे लिहायला बसलात, तर मन आकड्यांना हवं तसं वळवतं. मी तरुणपणी एका प्रयोगात ते केलं आहे आणि त्यात दोन वर्षं घालवली आहेत.

मुलीला आधी 'मी बरोबर की तू' असं विचारू नका. तिच्याकडे एक काम घेऊन जा: ३७० किलोमीटरला १० मीटरवर १२ मिलिमीटर हे बाईंचं गणित बरोबर आहे का, आणि आपल्या अक्षांशावर रेघ किती वाजता सगळ्यात वर जायला हवी, ते काढून दे म्हणावं. दुसरा भाग सोपा नाही, तिला बसावं लागेल. आणि बाय, तू हे वाचत असशील तर, 'लोक हसतील' हे फिजिक्समधलं उत्तर नव्हे. दोन भोकांचा पाइप कागदावर काढून बाबांना दाखवला असतास तर चवथीतच विषय मार्गी लागला असता. त्यांना वायर ओढता येते, सोल्डरिंग येतं, भिंत ओळंब्यात आहे की नाही ते नजरेने कळतं. तुझ्या प्रॅक्टिकलला या हातांचा उपयोग होईल.

प्राध्यापकांनी उत्तर दिलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका, पण आता चौथ्याला लिहू नका. आधी ग्राफ पेपर भरा. तीन दिवसांच्या खुणा झाल्या की कागदाचा आणि सह्यांच्या चिठ्ठीचा फोटो मला पाठवा, रेघ हललेली असो वा नसो.